फिजिक्सची डिग्री घ्यावी का? खर्च आणि करिअरचा हिशोब वहीत कसा मांडायचा

मागच्या महिन्यात मामेभावाचा फोन आला, "ताई, फिजिक्सला अ‍ॅडमिशन घेऊ का नको, एका शब्दात सांग." मी म्हटलं, अरे एका शब्दात नाही सांगता येणार, वही-पेन घेऊन बस. मग दोन तास फोनवरच आम्ही सगळं मांडलं. हाच प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं म्हणून ते इथे नीट लिहून काढतेय. मी स्वतः फिजिक्समध्ये मास्टर्स केलंय आणि आता मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत काम करते, विषयावर माझं आजही प्रेम आहे, आणि म्हणूनच कोणी डोळे झाकून यात पडलं किंवा डोळे झाकून यातून पळालं तर मला मनापासून वाईट वाटतं.

सुरुवातीलाच एक सांगते. हा हिशोब एकदा मांडून भागत नाही, तीनदा मांडावा लागतो. पदवीच्या आधी एकदा, मास्टर्सच्या आधी एकदा, पीएचडीच्या आधी एकदा. तिन्हींचा खर्च वेगळा, तिन्हींतून उघडणारे दरवाजे वेगळे. पहिल्याच दिवशी "मी तर पीएचडीच करणार" असं ठरवणारा आणि "फिजिक्सला स्कोपच नाही" म्हणणारा, दोघंही न मोजता बोलतात.

पायरी १: वहीत चार ओळी ओढा

पहिली ओळ फीची. ही सगळ्यांना दिसते म्हणून घरात सगळी चर्चा तिच्यावरच होते. ट्यूशन फी, परीक्षा फी, लॅब फी, सगळं एकत्र करून पूर्ण कोर्सचा एकच आकडा लिहा, एका वर्षाचा नको.

दुसरी ओळ राहण्या-खाण्याची, पण फक्त वाढीव खर्च. घरी असलात तरी जेवणार होतातच, तेव्हा हॉस्टेलमुळे किंवा गाव बदलल्यामुळे जे जास्तीचं जाणार तेवढंच इथे धरा.

तिसरी ओळ व्याजाची, आणि इथे जरा थांबा कारण ही ओळ लोक रिकामी सोडतात. समजा १०० चं कर्ज घेतलं, तीन वर्षांत तीन सारख्या भागांत, प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला एक भाग, दर १० टक्के चक्रवाढ, आणि शिकताना काहीच फेडलं नाही. पदवी हातात येईपर्यंत १०० चे १२१ झालेले असतात. त्यात मास्टर्ससाठी परतफेड अजून दोन वर्षं पुढे ढकलली तर तेच १४७ होतात, आणि यात मास्टर्सचं नवीन कर्ज धरलेलंच नाहीये. त्यामुळे कर्ज देणाऱ्याला दोन प्रश्न स्पष्ट विचारा: शिकत असतानाच्या काळातलं व्याज सरळ लागतं की चक्रवाढ, आणि ते कुठल्या दिवसापासून चालू होतं. घरच्यांना झेपत असेल तर शिकताना निदान व्याजापुरतं भरत राहा, मग १०० चे १०० च राहतात.

चौथी ओळ बुडालेल्या पगाराची. शिकण्यात जी वर्षं जातात त्या वर्षांत तुम्ही काहीतरी कमावलं असतं, ते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, मग तिथे शिकणं फुकट का? राहायचा खर्च आहे, आणि वर्षं तर जातातच. माझ्या अनुभवात फिजिक्सच्या लांबच्या वाटेवर सगळ्यात मोठा आकडा याच चौथ्या ओळीत निघतो, फीच्या ओळीत नाही.

पायरी २: तुलना बरोबर माणसाशी करा

इथे भाऊ अडकला होता म्हणून उदाहरण घेऊन सांगते. आकडे मनाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा पदवीनंतर लगेच नोकरी धरली तर वर्षाला १० मिळतात, आणि मास्टर्स करून आलं की १२. भाऊ म्हणाला, "म्हणजे ताई, २ चा फायदा ना." नाही रे. तू मास्टर्स करत होतास त्या दोन वर्षांत तो नोकरीवाला बसून नव्हता, त्याचा पगार वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला असेल तर तिसऱ्या वर्षी तो ११.६६ वर आलाय. तुझे १२ त्याच्या १० शी नाही, ११.६६ शी लावायचे. फरक उरला ०.३४. आणि तेवढ्या काळात त्याने १० आणि १०.८ मिळून २०.८ कमावलेत, तू शून्य. पुढे दोघांचे पगार सारख्याच वेगाने वाढले तर ती २०.८ ची खोट भरून यायला साधारण २३ वर्षं लागतात. फी आणि व्याज अजून धरलेलंच नाही.

आता तेच मास्टर्स करून १२ ऐवजी १६ ची नोकरी मिळाली तर? खोट पाचव्या वर्षात भरून निघते.

फोनवर तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे प्रश्न हा आहे की १२ का १६." बरोबर! मास्टर्स चांगलं का वाईट असा प्रश्नच नसतो, त्या मास्टर्समुळे असा एखादा दरवाजा उघडतो का जो पदवीवर बंदच होता, हा प्रश्न असतो. उघडत असेल तर दोन वर्षं वसूल. नुसतं "अजून थोडं शिकून घेऊ, मग बघू" म्हणून केलं तर त्या २३ वर्षांच्या रांगेत उभे राहिलात असं समजा.

आणि हो, पहिली तुलना पदवीच्या वेळचीही अशीच करायची. फिजिक्स नसतं घेतलं तर तुम्ही खरंच काय केलं असतं? इंजिनियरिंगला मिळत असेल तर इंजिनियरिंगशी तुलना करा, गणित किंवा स्टॅटिस्टिक्स घेतलं असतं तर त्याच्याशी. जे तुम्हाला मिळणारच नव्हतं किंवा जे तुम्ही एक सेमिस्टरही सहन केलं नसतं त्याच्याशी तुलना करून उगीच जीव जाळू नका.

पायरी ३: कुठला दरवाजा कुठल्या डिग्रीवर उघडतो ते बघा

"फिजिसिस्ट" नावाच्या नोकऱ्या कमीच असतात, त्यामुळे नोकरीच्या साइटवर फिजिक्स टाकून सर्च करणाऱ्याला वाटतं की सगळं संपलं. कामं दुसऱ्या नावांनी असतात, ती नावं माहीत करून घ्या.

पदवीवर मिळण्यासारखी कामं: उपकरणांचं कॅलिब्रेशन (म्हणजे उपकरण बरोबर मोजतंय का ते तपासून जुळवणं), टेस्टिंग लॅब, अल्ट्रासाउंड किंवा एक्स-रे लावून वेल्डिंग आणि पाइप न फोडता तपासणं, सेमिकंडक्टर किंवा लेझरच्या कारखान्यात प्रोसेसवर लक्ष ठेवणं, डेटा आणि सॉफ्टवेअरची सुरुवातीची कामं. शाळेत शिकवायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी पदवीवर शिक्षकाची वेगळी पात्रता लागते, त्याची एक-दोन वर्षं चौथ्या ओळीत आत्ताच धरा. अजून एक काम आहे ज्याचं नाव मी शिकताना एकदाही ऐकलं नव्हतं, अ‍ॅप्लिकेशन इंजिनियर. म्हणजे कंपनीचं उपकरण ग्राहकाकडे जाऊन लावून द्यायचं आणि त्याचं मोजमाप का चुकतंय ते शोधून काढायचं. फिजिक्सवाल्यांना हे काम फार जमतं, बोलायची आवड असेल तर नक्की बघा.

मास्टर्सवर उघडणारा सगळ्यात ठळक दरवाजा म्हणजे मेडिकल फिजिक्स. कॅन्सरच्या रेडिएशन उपचारात डॉक्टर डोस लिहून देतात, पण मशीन तेवढाच डोस, तिथेच टाकतंय का ही जबाबदारी मेडिकल फिजिसिस्टची. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मशीनचं आउटपुट तपासतात, रोजच्या तपासणीत साधारण ३ टक्के आणि महिन्याच्या तपासणीत २ टक्के एवढीच सूट धरतात, त्याच्या बाहेर गेलं की कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. बहुतेक देशांत यासाठी मास्टर्स आणि वर हॉस्पिटलमधलं देखरेखीखालचं ट्रेनिंग दोन्ही लागतं, आणि ट्रेनिंगच्या जागा मोजक्या असतात. तेव्हा मास्टर्सला प्रवेश घेण्याआधीच विचारा की इथून पास झालेल्यांपैकी कितीजणांना ती ट्रेनिंगची जागा मिळाली. हा एक प्रश्न विचारला नाही म्हणून दोन वर्षं अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

ऑप्टिक्स, जिओफिजिक्स, हवामान आणि सेमिकंडक्टरचं डिझाइन यांतही मास्टर्सने खरा फरक पडतो. चिप बनवायची आजची सगळ्यात पुढची मशीन १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात, आणि तो तयार करायला वितळलेल्या कथिलाच्या बारीक थेंबांवर सेकंदाला ५० हजार वेळा लेझर मारतात. प्लाझ्मा, व्हॅक्यूम, आरसे, टायमिंग, हे सगळं फिजिक्सच आहे, पण तिथे पोचायला पदवीचं पुस्तक पुरत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल मुद्दाम बोलते. वर्ल्ड वाइड वेब १९८९ साली सर्न या युरोपातल्या फिजिक्सच्या मोठ्या प्रयोगशाळेत मांडणारे टिम बर्नर्स-ली यांची पदवी फिजिक्सची, आणि २०२४ चं फिजिक्सचं नोबेल हॉपफिल्ड आणि हिंटन यांना न्यूरल नेटवर्कच्या कामासाठी मिळालं, त्यामुळे लोक म्हणतात की फिजिक्स केलं की आयटीत आणि एआयमध्ये कुठेही जाता येतं. जाता येतं, खरंय. पण तुम्हाला आजच माहीत असेल की सॉफ्टवेअरच करायचंय, तर कॉम्प्युटर सायन्सची वाट सरळ आणि जवळची आहे, फिजिक्समार्गे वळसा घालू नका.

पायरी ४: डिग्रीच्या बाजूने काय उचलताय ते लिहा

आता माझं एक सांगते. मास्टर्सच्या प्रोजेक्टमध्ये मला फोटोडिटेक्टरचा, म्हणजे प्रकाश पडला की विजेचा सिग्नल देणाऱ्या उपकरणाचा, अगदी बारीक सिग्नल मोजायचा होता. ओसिलोस्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तर सिग्नल कुठेच नाही, त्याच्या जागी एक मोठी लाट, बरोबर २० मिलिसेकंदांनी पुन्हा पुन्हा येणारी. म्हणजे ५० हर्ट्झ, विजेच्या लाइनचा गुणगुणाट. पहिले दोन दिवस मी कोडमध्ये फिल्टर लावत बसले. लाट कमी व्हायची पण सिग्नलही खाल्ला जायचा. तिसऱ्या दिवशी लॅबमधल्या टेक्निशियन काकांनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "बाळा, अर्थिंग किती ठिकाणी केलंयस?" मी मोजलं तर डिटेक्टर एका सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या सॉकेटवर, दोन्हीकडे अर्थ, आणि मधल्या केबलचं शिल्ड दोघांना जोडलेलं, म्हणजे वायरचं एक मोठं कडं तयार झालेलं, ज्याला ग्राउंड लूप म्हणतात. सगळं एकाच बोर्डवर आणलं, अर्थ एका जागी केला, आणि त्या लाटेखाली दडलेला माझा सिग्नल तिथेच दिसला. मी वहीत तारीख-वेळ टाकून आधीचं आणि नंतरचं दोन्ही चित्र चिकटवलं.

पुढे नोकरीच्या इंटरव्ह्यूला मार्कांबद्दल एक प्रश्न आला, आणि "एखादं मोजमाप चुकलं तेव्हा तुम्ही काय केलं" यावर अर्धा तास बोलणं झालं. मी ती वहीच काढून दाखवली. लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेने १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर पकडली तेव्हा तिथल्या ४ किलोमीटरच्या बाहूच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास फरक पडला होता. असला फरक दिसण्याआधी वर्षानुवर्षं तिथली माणसं हेच करत होती, सिग्नलमध्ये मिसळणारा नको तो आवाज (नॉइज) कुठून येतोय ते शोधायचं आणि तो एकेक करून मारायचा. फिजिक्सवाल्याला पगार मिळतो तो बहुतेक वेळा या कामाचा.

म्हणून दर सेमिस्टरला वहीत लिहा: या सहा महिन्यांत मी हाताने काय शिकलो. पायथनमध्ये स्वतःचा डेटा घेऊन ग्राफ आणि एरर काढता येतो का? सोल्डरिंग जमतं का? एखादं मोजमाप त्याच्या अनिश्चिततेसकट लिहिता येतं का? एक तरी काम असं आहे का जे दुसऱ्याला दाखवता येईल? सलग दोन सेमिस्टर पान कोरं राहिलं तर मार्क कितीही चांगले असोत, काळजी करा. आणि लॅबमधल्या टेक्निशियन मंडळींशी ओळख ठेवा, त्यांच्याकडे जे ज्ञान असतं ते कुठल्याही सिलॅबसमध्ये नसतं.

पायरी ५: कॉलेज निवडताना

इमारत बघू नका, लॅब बघा. तिसऱ्या वर्षाची लॅब उघडून दाखवायला सांगा. उपकरणं चालू आहेत की धूळ खातायत, एका टेबलावर दोन मुलं असतात की आठ, हे दहा मिनिटांत कळतं. प्रोजेक्ट सक्तीचा आहे का, उन्हाळ्यात शिक्षकांसोबत काम करायला मिळतं का, स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटरचे पेपर जोडीला घेता येतात का, एवढं विचारा. नावाजलेल्या महागड्या जागेपेक्षा कमी फीची आणि चालू लॅबची जागा पदवीसाठी मी डोळे मिटून निवडेन, आणि वाचलेले पैसे मास्टर्ससाठी ठेवेन, कारण नावाचा उपयोग जास्त करून शेवटच्या डिग्रीला होतो.

पायरी ६: बाहेर पडायचे दरवाजे आधीच ठरवा

पहिल्या वर्षाच्या शेवटी स्वतःला एकच विचारा: गणितं सोडवताना अडकलो की मला चीड येऊन मी पुन्हा बसतो, का टाळतो? टाळत असाल तर विषय बदलायला हीच वेळ सगळ्यात स्वस्त. एक वर्ष गेलं असं वाटतं, पण ओढत नेलं तर तीन जातात. पदवीच्या शेवटच्या वर्षात पायरी २ पुन्हा करा, यावेळी खरे आकडे घालून.

मग पीएचडी. अनेक देशांत विज्ञानातल्या पीएचडीला स्टायपेंड किंवा पगार मिळतो, फी स्वतः भरावी लागत नाही. स्वतःच्या खिशातून फी भरून फिजिक्सची पीएचडी करायची वेळ आली तर माझा सल्ला स्पष्ट आहे, नको. ब्रिटनमध्ये साधारण ३ ते ४ वर्षं, अमेरिकेत पदवीनंतर थेट गेलात तर साधारण ५ ते ६ वर्षं धरा. स्टायपेंड असला तरी तो आणि बाहेरचा पगार यातला फरक दरवर्षी चौथ्या ओळीत जमा होत राहतो.

प्राध्यापक व्हायचंय म्हणून जाणार असाल तर हा हिशोब करा. एका प्राध्यापकाने नोकरीच्या ३० वर्षांत समजा १२ जणांना पीएचडी करवली आणि जागांची संख्या तेवढीच राहिली, तर त्यांच्या खुर्चीवर बसणार एक. बाकीचे ११ हुशार असतात, मेहनती असतात, त्यांना खुर्ची नसते एवढंच. त्यात मधे पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीची) दोन-तीन वर्षांची कॉन्ट्रॅक्टं, दर वेळी नवं शहर, कधी नवा देश, जोडीदार आणि आईवडील यांचाही विचार त्यात आला. म्हणून पीएचडीचा विषय असा घ्या की त्या ११ मध्ये आलात तरी हातातलं कसब बाहेर विकता येईल. डिटेक्टर, लेझर, मटेरियल, मोठ्या डेटाचं सिम्युलेशन, यांना बाहेर विचारतात. शुद्ध थिअरीचं वेड असेल तर जरूर करा, मी अडवणार नाही, फक्त कोडिंग पक्कं ठेवा आणि घरावर मोठं कर्ज असताना करू नका.

वहीत न मावणारी एक गोष्ट आहे. काही मुलांना हा विषय सोडून दुसरं काही शिकताच येत नाही, त्यांचं मनच लागत नाही. मी तशीच होते. तुम्हीही तसे असाल तर आनंदाने या, पण वही घेऊन या, कारण आवड आहे म्हणून व्याज थांबत नाही.

पायरी ७: तीन माणसांना लिहा

सगळ्यात शेवटी, अ‍ॅडमिशनचे पैसे भरायच्या आधी, त्याच कॉलेजातून त्याच विषयात ५ ते ७ वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तीन जणांना शोधा. टॉपर नकोत, मधल्या मार्कांचे शोधा, कारण आपल्यातले बहुतेक मधलेच असतो आणि कॉलेज फक्त टॉपरचे फोटो लावतं. भावाने मला विचारलं की अनोळखी माणसाला लिहू तरी काय, तर मी त्याला हे लिहून दिलं, तुम्हीही घ्या:

"नमस्कार. मी तुमच्या कॉलेजात फिजिक्सला प्रवेश घ्यायचा विचार करतोय. तीनच प्रश्न आहेत, जमेल तेव्हा उत्तर द्या. डिग्रीनंतर पहिली नोकरी मिळायला किती महिने गेले? आज तुम्ही जे काम करता त्यातलं कॉलेजात काय शिकलात आणि बाहेर काय शिकावं लागलं? आणि तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं अशी एक गोष्ट कुठली?"

तिघांपैकी दोघांनी त्याला त्याच आठवड्यात उत्तर दिलं, एकाने तर स्वतःहून फोन केला आणि तासभर बोलला. त्या उत्तरांतून भावाच्या वहीतली चौथी ओळ भरली गेली. आता तो परवा लॅब बघायला जाणार आहे, मी सांगितलंय तिसऱ्या वर्षाची बघ, आणि ओसिलोस्कोप चालू करून दाखवा म्हणावं.